धंद्यातलं गुपित आणि कायदा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा कोटिंगचा कारखाना आहे. उत्पादन पाहणारा माणूस प्रतिस्पर्ध्याकडे गेला. जाण्याआधी त्याने फॉर्म्युल्याची शीट स्वतःच्या ईमेलवर पाठवली होती. पोलिसांत जाऊ की कोर्टात?

उत्तर: आधी त्याचा कॉम्प्युटर बंद करून कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. “जरा बघ रे, आणखी काय पाठवलंय,” म्हणून पुतण्याला त्यावर बसवू नका. फायलींच्या तारखा बदलतात आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. डिस्कची प्रत तज्ज्ञाकडूनच काढून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे ईमेलच्या प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायचा असतो आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

आयटी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते, पण त्याने समोरचं उत्पादन थांबत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच हवा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तो करावा असं विधी आयोगाने मार्च 2024 च्या 289 व्या अहवालात सुचवलं. तोवर सगळी भिस्त करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली मनाई हुकूम मागा, सोबत कोर्ट कमिशनरही (कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला माणूस) मागा. आणि उशीर करू नका. तीन महिने गप्प बसून मग ‘तातडीचं’ म्हणत आलेल्याचं कोर्ट मनावर घेत नाही.

न्यायाधीश सर्वांत आधी विचारतात: गुपित राखायला तुम्ही काय केलंत? एका दाव्याच्या वेळी मी अशिलाचा कारखाना पाहायला गेलो. ज्या फॉर्म्युल्यासाठी भांडत होतो तो रिॲक्टरशेजारी, कॅलेंडरच्याच खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होता. पाण्याचा जार टाकायला येणारा मुलगाही तो वाचू शकला असता. मनाई हुकूम मिळाला नाही, आणि कोर्टाचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुमची शीट कोणाकोणाला उघडता येत होती, हे आजच लिहून काढा.

प्रश्न: ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात काम करणार नाही’ अशा बाँडवर माझी सही आहे. नंदेसरीतल्या एका कंपनीने बोलावलंय. जाऊ का?

उत्तर: जा. करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 मुळे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. मात्र ठरावीक मुदतीचा करार अर्धवट सोडत असाल तर थांबा. 1967 च्या गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती बंदी योग्य ठरवली होती. हातातलं कसब तुमचं आहे. डायरी, पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲपवरचे बॅच शीटचे फोटो हे कंपनीचं. ते परत करा आणि लेखी पोच घ्या. अशा बाँडच्या धाकाने घरी बसलेली तरुण मुलं माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

प्रश्न: दांडिया बाजारात मी सासूबाईंच्या हातचा गोडा मसाला विकते. प्रमाणाचं पेटंट घेता येईल?

उत्तर: ताई, त्या वाटेला जाऊ नका. पेटंट 20 वर्षांचं असतं आणि त्यासाठी कृती जगासमोर मांडावी लागते. शिवाय पिढ्यानपिढ्यांच्या मसाल्यात नवीन काय, हा प्रश्न येणारच. गुपिताची नोंदणी कुठल्याही कचेरीत होत नाही. ते राखावं लागतं. दगडफूल, नागकेशर घरी मोजून पुड्या बांधा, धणे-खोबरं गिरणीत वेगळं द्या. मदतनीस बाईंकडून गुप्ततेचा साधा कागद लिहून घ्या, पण त्यांना वाचता येईल अशा भाषेत, मराठी किंवा गुजराती. नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून जरूर नोंदवा.

प्रश्न: दावा लावला तर फॉर्म्युला कोर्टातूनच फुटणार नाही का?

उत्तर: तो मोहोरबंद लिफाफ्यात द्या. लिफाफा कोणासमोर उघडायचा आणि प्रत कोणाला द्यायची, याचा अर्ज पहिल्याच तारखेला ठेवा. दाव्यात आकडे नकोत, पण कोणती शीट, प्रक्रियेतली कोणती पायरी, एवढं नेमकं यायलाच हवं. ‘आमचं सगळं तंत्रज्ञान’ असं मोघम लिहिलंत, तर मनाई नेमकी कशाला करायची हेच कोर्टाला कळणार नाही.