लाउंज डब्यासाठी ३० लाखांचं खातं मोडू नका, काका

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडील नागपुरात अजनीच्या लोकोशेडमध्ये, लहानपणी क्वार्टरच्या ओट्यावर बसून गाड्या मोजल्या, आणि आता ६२ व्या वर्षी लग्नाच्या ३५ व्या वाढदिवसाला काकूंना घेऊन महाराजाज एक्सप्रेस या आलिशान गाडीच्या लाउंजमध्ये बसायचं, सहा रात्री, दोघांचे ११ लाख. त्यासाठी पोस्टातलं सिनियर सिटिझनचं खातं तोडू की मुलगा म्हणतो तसं क्रेडिट कार्डावर ईएमआय करू, असं तुम्ही विचारून राहिले. जायचंच, हे आधी सांगतो. पण या दोन्ही रस्त्यांनी नको आणि येत्या फेब्रुवारीत नको.

आधी खात्याचं. तुमचे ३० लाख एकाच खात्यात आहेत, ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्याला ६१,५०० येतात. यातून फक्त ११ लाख काढता येत नाहीत, थोडे थोडे काढायची सोयच नाही, बंद करायचं तर अख्खं खातं बंद करावं लागते. खातं दीड वर्षाचं आहे म्हणजे दीड टक्का कापतील, तो पूर्ण ३० लाखांवर, सरळ ४५,००० गेले. जुन्या पद्धतीने टॅक्स भरून ८०सी ची सूट घेतली असेल तर ती पण यंदाच्या उत्पन्नात परत जोडली जाते. आणि ११ लाख गेल्यावर वर्षाचं ९०,२०० व्याज जाते, महिन्याचे साडेसात हजार, म्हणजे तुमचा किराणा आणि लाइटबिल. ईएमआयचं तर बोलायलाच नको, व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.

आता गाडीचं, कारण खरा निर्णय इथे आहे. तुमच्या पत्रात राजस्थानचे किल्ले एका ओळीत आटोपले आणि लाउंजवर पानभर लिहिलं, खुर्च्या, पत्त्यांचं टेबल, खिडकीबाहेर अंधारात जाणारी स्टेशनं. २०१० पासून चालणाऱ्या या गाडीत राजा क्लब आणि सफारी बार असे बसायचे डबे आहेत, जेवायला रंगमहल आणि मयूरमहल, सगळं खरं आहे. पण दिवसा तुम्ही बसमधून किल्ले पाहात फिरणार, लाउंज मिळते ती मुख्यतः संध्याकाळी. मग सहा संध्याकाळींसाठी ११ लाख कशाला? याच गाडीची तीन रात्रींची फेरी आहे, दिल्ली, आग्रा, रणथंबोर, जयपूर आणि परत दिल्ली, तिचं कोटेशन मागवा. रात्री अर्ध्या म्हणून पैसे अर्धे होत नाहीत हे लक्षात ठेवा, आणि भाव माणशी आहे की दोघांचा, जीएसटी धरून आहे की नाही, रद्द केलं तर किती कापतात, हे ईमेलवर लेखी घ्या.

पैसे कुठून, तर बँकेतली ९ लाखांची एफडी पुढच्या जूनमध्ये मॅच्युअर होते ना, तिच्यातून. पण त्यातले ४ लाख आधी काकूंच्या गुडघ्यांसाठी बाजूला काढा, डॉक्टरांनी तेवढाच अंदाज दिलाय आणि तुमची मेडिक्लेम पॉलिसी मागच्याच वर्षीची आहे, गुडघे बदलायला बहुतेक पॉलिसींत वेटिंग पिरियड असते, म्हणजे सुरुवातीचा काही काळ तो खर्च मिळत नाही, आज फोन करून विचारा. उरले ५ लाख, पेन्शनमधून महिन्याला १५,००० वाचतात ते वर्षभरात १ लाख ८० हजार. म्हणजे तुमची मर्यादा ६ लाख ८० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. ऑपरेशन आधी, सहल नंतर, गाडीचा सीझन ऑक्टोबर ते एप्रिल असते तर ३६ वा वाढदिवस तिथे करा. गुडघे दुखत असताना आमेरच्या चढावर काकूंना काय मजा येणार, सांगा.

आणि या फेब्रुवारीत घरी बसू नका. पुण्याची वंदे भारत तुमच्या अजनीहूनच निघते, तिने पुण्याला जा, मुक्काम करा, सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडा, व्हिस्टाडोमचं तिकीट काढून. ४४ खुर्च्यांचा डबा, खुर्ची वळते, वर काच. मी आईला नेलं होतं, खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा तिने खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि कर्जतपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, डब्यातली पोळीभाजी तशीच राहिली. त्याच गाडीला डायनिंग कार पण आहे, टेबलावर बसून गरम कटलेट खायचे. दोघांचं जाणं-येणं, हॉटेल धरून सगळं ३०,००० च्या आत बसवा, तेवढे तुमच्या बचत खात्यात आहेत. व्हिस्टाडोमच्या सीट कमी असतात, तर बुकिंग उघडल्या दिवशीच मुलाला बसवा लॅपटॉपवर.