जुन्या जावाचं वायरिंग दुरुस्त करावं की सरळ १२ व्होल्टचं किट बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९६९ची जावा २५० मोटरसायकल, नुकतंच पावडर कोटिंग आणि क्रोम करून आणलेली. इंजिन सुरेख चालतं, पण हेडलाइट मिणमिणतो, हॉर्न घोगरा वाजतो आणि रात्री गोरेगावहून दादरपर्यंत आलं की बॅटरी उतरलेली असते. मेकॅनिकचं म्हणणं, सहा व्होल्टचा जमाना गेला, सगळं काढून १२ व्होल्टचं किट टाकू. टाकावं का?

माझं मत: आत्ता नको. आधी आहे ते वायरिंग मोजा. मुद्दाम ‘मोजा’ म्हणतोय, ‘बघा’ नाही. माझं रोजचं काम लिफ्टच्या वायरिंगचं आहे, जुन्या गाड्या हा रविवारचा उद्योग. दोन्हीकडे अनुभव एकच: वायर वरून धडधाकट दिसते आणि आत जोडाजोडाला व्होल्टेज गळत असतं.

सहा व्होल्टची गाडी गळतीला इतकी हळवी का, ते आकड्यांत बघा. ३५ वॅटचा हेडलाइट सहा व्होल्टवर जवळजवळ ५.८ अँपिअर खेचतो. वाटेत कुठे तरी एक खराब जोड आहे आणि त्याचा रोध जेमतेम ०.१ ओहम आहे, असं धरा. त्या एका जोडावर ०.५८ व्होल्ट पडतं, म्हणजे सहातलं जवळजवळ दहा टक्के. साध्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्याने कमी होतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. तोच जोड १२ व्होल्टच्या गाडीत असता तर करंट निम्मा, गळती ०.२९ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्केही नाही; डोळ्यांना फरक कळला नसता. म्हणूनच किट टाकलं की ‘बघा, लाइट कसा लागला’ असं होतं. जोड मात्र सडकाच राहतो. पुढच्या पावसाळ्यात तो आणखी सडतो, आणि तेव्हा गाडी भर रस्त्यात बंद पडते.

आता तुमच्या गाडीबद्दल. पावडर कोटिंग केलंय हे वाचलं तेव्हाच माझा संशय अर्थवर, म्हणजे बॅटरी आणि चॅसीच्या जोडावर गेला. या गाड्यांत बॅटरीचं एक टोक चॅसीला जोडलेलं असतं आणि बल्ब, हॉर्न, कॉइल सगळ्यांचा परतीचा करंट चॅसीच्या लोखंडातून येतो. पावडर कोटिंग म्हणजे भाजून चिकटवलेलं प्लास्टिक. वीज त्यातून जात नाही. कारागीर चॅसी चकाचक करून देतो, फिटर त्याच कोटिंगवर अर्थचा बोल्ट आवळतो, आणि करंटला आट्यांच्या दोन-तीन टोकांतून वाट काढावी लागते.

आमच्या गिरगावच्या चाळीतल्या एका काकांच्या जावाची हीच तक्रार होती. हेडलाइट लावून बॅटरीवर मोजलं तर ६.१ व्होल्ट, बल्बवर ४.५. मधलं १.६ व्होल्ट कुठे गेलं? मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर आणि दुसरी बल्बच्या पितळी टोपीवर ठेवली. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, आलं १.२. उरलेलं ०.४ लाइटच्या स्विचमध्ये जात होतं. अर्थचा बोल्ट सोडला, तर थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गुळगुळीत काळं कोटिंग, वर बोल्टच्या कडेने उमटलेली एक बारीक चकाकती रेघ. सगळ्या गाडीचा करंट त्या रेघेतून चालला होता. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर टाकला, आवळून वरून व्हॅसलीन फासलं. शिवाय हेडलाइटच्या कवचातून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढली. बल्बवर ५.६ आले. काकांनी हेडलाइट लावला आणि समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे कितीतरी वेळ बघत उभे राहिले.

ती स्वतंत्र वायर तुम्हीही ओढाच. जावाचा हेडलाइट फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर बसतो, आणि फोर्क ते चॅसी हा परतीचा रस्ता हँडलच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेल्या छऱ्यांतून जातो. हॉर्नचं बटण हँडलवर, त्याचीही तीच गत. घोगरा हॉर्न बहुतेक वेळा हॉर्नचा दोष नसतो.

मोजताना मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि ज्याचं मोजताय ते चालू असू द्या. बंद दिव्यावर मोजलं तर सडक्या जोडातूनही पूर्ण सहा व्होल्ट दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. लोक इथेच फसतात आणि ‘करंट तर येतोय’ म्हणून नवा बल्ब घेऊन येतात. बॅटरीपासून सुरुवात करून एकेक जोड ओलांडत पुढे जा: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, इग्निशन स्विचच्या अलीकडे-पलीकडे, लाइटच्या स्विचच्या अलीकडे-पलीकडे. कुठल्याही एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की तो उघडा.

हेडलाइटचं कवच उघडाल तेव्हा आत पन्नास वर्षांचा इतिहास सापडेल. पिळून टेप मारलेले जोड, उन्हाने वितळून डिंक झालेली टेप, आणि वायरचं आवरण सोललं की आत तांबं काळं किंवा हिरवट पडलेलं. मुंबईच्या खाऱ्या हवेतला ओलावा आवरणाच्या आतून, तारांमधल्या फटींतून वर चढत जातो. टोकापासून वीतभर आतपर्यंत तांबं काळं निघालेलं मी पाहिलंय. अशी वायर घासून, टोक कापून भागत नाही. ती पूर्ण बदलायची.

फ्यूज मात्र आजच बघा, बाकी कशाचीही वाट न बघता. अशा गाड्यांत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सर्रास सापडते. वर पेट्रोलची टाकी, खाली शॉर्ट होऊ शकणारी वायर, आणि मध्ये वितळणारं काहीच नाही. बॅटरीच्या जिवंत टोकापासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा खरा फ्यूज बसवा. हे केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

सामानासाठी लांब जायला नको. मल्टिमीटर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी), थिंबल आणि क्रिंपिंगचा चांगला पक्कड लॅमिंग्टन रोडला, वायर लोहार चाळीत. वायर अनेक बारीक तारांचीच घ्या. एका जाड तारेची घरगुती वायर कंपनांनी आतल्या आत तुटते. बॅटरी आणि अर्थसाठी २.५ चौरस मिमी, हेडलाइटसाठी १.५, बाकीला १ पुरे. सहा व्होल्टला जाडी जास्तच असू द्या. टोकं क्रिंप करा, म्हणजे थिंबल पक्कडीने दाबून वायरवर बसवा. डाग मारून केलेला जोड टेबलावर भक्कम वाटतो, पण कथील तारेत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग संपतो तिथेच वायर थरथरून तुटते. जुने स्विच आणि हेडलाइटची रिंग वगैरे लागलं तर चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधा. सापडलेला जुना स्विच बहुतेकदा फक्त साफ करावा लागतो. अस्सल भाग टाकून नकली बसवायची घाई करू नका.

हे सगळं झाल्यावर चार्जिंगकडे वळा. या जावाच्या डायनॅमोची ताकद ४५ वॅटच्या आसपास. हेडलाइट ३५, टेललाइट ५, वर इग्निशन कॉइल खाते ते वेगळं. म्हणजे सगळं उत्तम असतानाही रात्रीचा हिशोब जेमतेम जुळतो, आणि सिग्नलला आयडलिंगवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा सगळा भार बॅटरीवर. एस. व्ही. रोडची संध्याकाळ तुम्हाला सांगायला नको. टेललाइटला सहा व्होल्टचा एलईडी लावलात तर चार-साडेचार वॅट वाचतात; इतक्या कमी कमाईत ती बचत मोठी आहे. एलईडीला प्लस-मायनस कळतं, म्हणून आधी तुमच्या गाडीत बॅटरीचं कोणतं टोक चॅसीला आहे ते बघून घ्या. त्या काळातल्या कित्येक इंग्लिश गाड्यांत प्लस चॅसीला असायचा, त्यामुळे कुठल्याही जुन्या गाडीत अंदाजाने बॅटरी जोडू नये.

शांत उभ्या गाडीच्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर ६.३ ते ६.४ व्होल्ट दिसायला हवेत. लाइट बंद ठेवून इंजिन रेस केल्यावर सातच्या आसपास, ७.२ पर्यंत. चढतच नसेल तर इंजिनच्या उजव्या बाजूचं कव्हर उघडा. कार्बन (डायनॅमोचे ब्रश) होल्डरमध्ये मोकळे सरकतायत का, झिजून आखूड झालेत का ते बघा. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने, इंजिन हाताने फिरवत हलकेच पुसा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधल्या खाचा लाकडी काडीने साफ करा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या डायनॅमोतलं उरलंसुरलं चुंबकत्व कधी कधी जातं. तेव्हा सगळं ठाकठीक असूनही चार्जिंग सुरू होत नाही आणि फील्डला (डायनॅमोच्या स्थिर गुंडाळीला) बॅटरीचा क्षणभर करंट द्यावा लागतो. ते काम जाणत्या माणसासमोर करा. चार्जिंग आटोक्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या पत्त्या मात्र पक्कडीने वाकवायला कुणालाही देऊ नका. बरेच चांगले रेग्युलेटर अशा ‘सेटिंग’नेच मेलेत.

तुमचं इंजिन नीट चालतंय म्हणून पॉइंट-कंडेन्सरबद्दल, म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणाऱ्या भागांबद्दल, फार लिहीत नाही. पॉइंटची गॅप ०.४ मिमी, घासल्यानंतर कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून कण काढायचे. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट चालू होते, असं कधी झालं तर आधी कंडेन्सरवर संशय घ्या, मग कॉइलवर. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते आणि बॅटरीही रिकामी होते.

किटला माझा सरसकट विरोध नाही. आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) जळलंय आणि रिवाइंडिंग करूनही टिकत नाही, किंवा रोज रात्री हमरस्त्यावर चालवायची आहे, तर १२ व्होल्ट हाच शहाणपणा. मात्र तेव्हा बल्ब, हॉर्न, कॉइल, बॅटरी सगळंच १२चं लागतं; सहाची कॉइल बारावर तापून मरते. आणि तेव्हाही खाली वायरिंग नवं आणि अर्थ पक्का हवाच. काढलेला डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल नाव लिहून डब्यात जपून ठेवा. या जावा बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद झाला, मूळ भाग आता नव्याने येणार नाहीत. मेकॅनिक ‘भंगार आहे, मी घेऊन जातो’ म्हणाला तरी देऊ नका.

तुमची गाडी १९६९ची असल्यामुळे एक कागदोपत्री गोष्टही सांगतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या दुचाकीला ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळू शकतो, चॅसी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार नसतील तर. पण तो नंबर घेतलेली गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. दादरला नेहमी याच गाडीने यायचं असेल तर तो मार्ग तुमच्यासाठी नाही. नियमित नोंदणीचं नूतनीकरण चालू ठेवा.

या रविवारी एवढंच करा: फ्यूज, अर्थचा बोल्ट, हेडलाइटची स्वतंत्र वायर. मग लाइट लावून बॅटरीवर किती आणि बल्बवर किती, आणि लाइट बंद करून इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर किती, हे तीन आकडे इथे खाली लिहा. पहिल्या दोनांत पाव व्होल्टच्या आत फरक आला आणि तिसरा सातला पोचला, तर किटचे पैसे नव्या बॅटरीत आणि टायरमध्ये घाला. तिसरा साडेसहाच्या वर सरकत नसेल तर डायनॅमो उघडावा लागेल. तेव्हा कव्हर काढून कॉम्युटेटरचा एक फोटो टाका, पुढचं त्यावरून सांगतो.