वाचकांचे प्रश्न : गोड्या पाण्यातील होडीचे इंजिन

प्रश्न : गोसीखुर्दच्या जलाशयात जाळी टाकण्यासाठी आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेने कोकणातून ९.९ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगायचे) इंजिन आणले आहे. त्याच्या पुस्तिकेत प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुवावे असे लिहिले आहे. आमचे पाणी मुळातच गोडे आहे, तरी हे करावे लागेल काय? हे इंजिन उघडणारा मिस्त्री आमच्या भागात नाही, तेव्हा कोणती कामे संस्थेच्या सभासदांनीच करावीत?
– संस्थेचे सचिव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा

उत्तर : आपल्या हाती असलेली पुस्तिका समुद्रात चालणाऱ्या इंजिनासाठी लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी. दर फेरीनंतर धुण्याची सूचना मिठासाठी असते, आणि मिठाचा त्रास आपल्याला नाही. मात्र काठालगतच्या उथळ पाण्यात पंख्याने ढवळलेला गाळ थंडाव्याच्या पाण्यासोबत आत ओढला जातो. म्हणून चिखलातून होडी काढलेल्या दिवशी इंजिन मोठ्या ड्रममध्ये स्वच्छ पाण्यात काही मिनिटे चालवावे. त्या वेळी पंखा काढून ठेवावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली राहावी.

आपल्या इंजिनाचा पहिला शत्रू गाळ आणि दुसरा तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, असे मी म्हणेन. इंजिन चालू असताना मागच्या बाजूने पाण्याची जी बारीक धार पडते, तिच्यावर होडी चालवणाऱ्याची नजर सतत असली पाहिजे, कारण इंजिन थंड होत असल्याची तीच खूण आहे. धार थांबली की इंजिन ताबडतोब बंद करावे. नाग नदीचे सांडपाणी घेऊन येणाऱ्या पाण्यात जलपर्णी चांगलीच माजते, त्यामुळे पाणी ओढणाऱ्या जाळीवर तिची मुळे किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर धारेच्या तोंडात बारीक तार घालून ते मोकळे करावे. एवढे करूनही धार येत नसेल, तर आतील पंपाचा इंपेलर तपासावा लागतो.

इंपेलर म्हणजे रबरी पात्यांचे लहान चाक. त्याला वंगण पाण्याचेच असते, त्यामुळे इंजिन काठावर कोरडे चालवले तर काही सेकंदांतच पाती झिजू लागतात. ‘चालू होते की नाही ते पाहू’ म्हणून इंजिन कोरडेच चालू करण्याची हौस सभासदांनी सोडून द्यावी. आपले इंजिन जुने असल्याने आत्ताच नवा इंपेलर बसवून घ्यावा आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी तो बदलत राहावा. खालचा गिअरचा भाग बोल्ट काढून आणि गिअर बदलण्याची सळई सोडवून उतरवला की पंप समोरच दिसतो. नवा इंपेलर बसवताना त्याला साबणाचे पाणी लावावे आणि उभा दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, फिरवत वरचे कवच खाली दाबावे. म्हणजे सर्व पाती योग्य बाजूला वाकतात. दांड्यातील अर्धचंद्राकृती चावी हरवू नये. जुन्या इंपेलरचे एखादे पाते तुटलेले आढळले, तर त्याचा तुकडा वरच्या पाणवाटेत अडकलेला असू शकतो. तो शोधून काढल्याखेरीज जोडणी करू नये.

आता तंगुसाविषयी. जाळ्याचा तुटका धागा पंख्यामागे दांड्याभोवती गुंडाळला जातो, बाहेरून दिसत नाही आणि ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर अडवणारी रबरी कडी) कापत राहतो. सील कापले गेले की गिअरच्या पेटीत पाणी शिरते. म्हणून हंगामात अधूनमधून पंखा उतरवून, मागचा धागा काढून, दांड्याला पाण्यात न धुपणारे ग्रीस लावावे आणि नवी दुपाखी पिन घालूनच पंखा परत बसवावा. पंख्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवणे सक्तीचे समजावे; पंखा हाताने फिरवताना इंजिन चालू झाल्यास बोटे जातात.

गिअरचे तेल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे. इंजिन एक रात्र उभे ठेवून सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आत पाणी असेल तर तेच आधी बाहेर येते. तेल दुधाळ दिसले तर सील गेले असे समजावे, आणि धातूचे तुकडे निघाले तर मात्र होडी पाण्यात न टाकता जाणकाराला दाखवावे. नवे तेल वरून ओतू नये. ते खालच्या छिद्रातून वर चढवावे, म्हणजे आत हवेची पोकळी राहत नाही. वरच्या छिद्रातून तेल डोकावले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग नळी काढून खालचा लावावा. दोन्ही वॉशर नवे वापरावेत. त्यांच्या काटकसरीत गिअरची पेटी गमावणे परवडत नाही. काढलेले तेल जलाशयात पडू देऊ नये, बैलगाडीच्या आसाला ते चालते.

इंजिन समुद्रातून आलेले असल्याने एक गोष्ट आवर्जून पाहावी. बॉडी गंजू नये म्हणून बाहेरून जस्ताचा एक ठोकळा बसवलेला असतो, जो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. गोड्या पाण्यात जस्तावर कठीण थर चढून तो निकामी होतो. तेथे मॅग्नेशियमचा ठोकळा लावावा. मात्र हे इंजिन पुन्हा खाऱ्या पाण्यात नेणार असाल, तर तो तेथे फार लवकर विरघळून जाईल.

इंधनात तेलाचे प्रमाण इंजिनावरील पट्टीनुसार ठेवावे. बहुतेक इंजिनांत ते ५०:१ असते, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. मोटारसायकलचे टू-टी तेल वापरू नये, कारण पाण्याने थंड होणारे हे इंजिन तुलनेने कमी तापते आणि त्यासाठी राख न ठेवणारे टीसी-डब्ल्यू ३ प्रतीचे तेल लागते. शेवटी, सामायिक इंजिनाची काळजी प्रत्येकाला दुसऱ्यावर सोपवावीशी वाटते, म्हणून इंजिन किती तास चालले आणि कोणते काम कोणी केले, याची वही पेट्रोलच्या डब्याशेजारीच ठेवावी.

प्रश्न : पावसाळ्यात मासेमारी बंद असताना आम्ही इंजिन घरी ठेवतो. दिवाळीच्या सुमारास ते काढले की हमखास चालू होत नाही. मागील वर्षी कार्ब्युरेटर साफ करूनही असेच झाले.
– एक मच्छीमार, अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया

उत्तर : दोष बहुधा साठवलेल्या पेट्रोलचा आहे. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. झाडीपट्टीतील पावसाळी हवेत अर्धवट भरलेली टाकी तीन-चार महिने राहिली, तर पाणी आणि इथेनॉल खाली बसते, आणि इंजिनाला नेमके तेच आधी मिळते. कार्ब्युरेटर साफ करून त्यात पुन्हा तेच पेट्रोल सोडल्याने काही साधत नाही. इंजिन ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करून ते पेट्रोल वापरून टाकावे, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू काढून कप कोरडा करावा, प्लगच्या छिद्रातून थोडे टू-स्ट्रोक तेल सोडून स्टार्टरची दोरी दोन-तीनदा हळू ओढावी. इंजिन उभे टांगावे; डोके खाली आणि पंखा वर अशा स्थितीत ते कधीही ठेवू नये, कारण एक्झॉस्टमधील पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. थंड देशांत पाणी गोठून गिअरची पेटी फुटण्याची भीती असते. ती आपल्याला बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडे रबर उन्हाळा खातो. पेट्रोलची नळी आणि हाताने दाबायचा फुगा मे महिन्याच्या उन्हात तडकतात, तडीतून हवा ओढली जाते आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो. दाबल्यावर फुगा कडक होत नसेल, तर प्रथम तोच बदलावा.

प्रश्न : पेट्रोल महाग असल्याने त्यात थोडे रॉकेल मिसळले तर चालेल काय?
– एक वाचक, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : नाही. केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड इंजिने आहेत, परंतु ती त्यासाठीच बनवलेली असून त्यांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) कमी ठेवलेले असते, आणि तीही आधी पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर घेतली जातात. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल घातल्यास ठोके बसू लागतात, प्लग काजळतो आणि पिस्टनवर कार्बन साचतो. पेट्रोल वाचवायचे असेल, तर पंख्याच्या पात्यांच्या दुमडलेल्या कडा नीट करून घ्याव्यात आणि होडीच्या तळाशी साचलेले पाणी निघण्यापूर्वी उपसून टाकावे.