टमी टक करायचं, पण कधी?

प्रश्न : वय ३४, दोन मुलं. धाकटा १४ महिन्यांचा, सिझेरियनने झाला, अजून रात्री अंगावर पितो. माझी उंची १५८ सेंमी, वजन ६८ किलो. बाळंतपणात सव्वा महिना पोट घट्ट बांधलं, नंतर घरीच रोज क्रंचेस केले. तरी पोट पुढेच आहे आणि टाक्यांच्या वर कातडीची घडी लोंबते. परवा एका लग्नात ओळखीच्या बाईंनी ‘कितवा महिना?’ असं विचारलं. एका क्लिनिकने टमी टकवर, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून स्नायू आवळण्याच्या शस्त्रक्रियेवर, दिवाळीपर्यंत सवलत सांगितली आहे. नवरा म्हणतो, काही गरज नाही. करून घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : करायला हरकत नसावी, पण या दिवाळीला नको.

आधी पोट नेमकं कशाने पुढे आलंय ते बघा. चरबी, सैल कातडी आणि स्नायूंमधलं अंतर ही तीन वेगळी कारणं आहेत, आणि बहुतेकींच्या पोटात तिन्ही थोडी थोडी असतात. सकाळी पोट साफ झाल्यावर उताण्या झोपा, गुडघे दुमडा. बोटांची टोकं बेंबीच्या जरा वर, मधोमध दाबा आणि डोकं-खांदे हळूच उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा आवळलेल्या लागतील. मध्ये दोन बोटांपर्यंत जागा असेल तर विशेष नाही. तीन-चार बोटं आरामात मावली तर गरोदरपणात ताणलेला मधला पडदा परत आवळलेला नाही. मग क्रंचेस आजच थांबवा. त्या व्यायामात मधोमध उभा उंचवटा येतो, म्हणजे आतला दाब नेमका त्या कमकुवत पट्टीवर पडत असतो. पोट बांधल्याने कंबरेला आधार मिळतो, हे अंतर त्याने भरत नाही.

उताणं झोपल्यावरही पोट फुगलेलंच राहत असेल, तर चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आहे. तिथे सर्जनचा हात पोचत नाही. ती फक्त वजन उतरल्यावर कमी होते. खोकताना बेंबीशी गाठ येत असेल तर हर्निया असू शकतो, सोनोग्राफी करा.

टमी टकमध्ये सिझेरियनच्याच रेषेत, पण कंबरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेतात. कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात, स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापतात. बेंबी जागेवरच राहते, तिच्यासाठी नवं भोक पाडतात. पूर्ण भूल देऊन दोन ते चार तासांचं काम. बेंबीखालचे स्ट्रेचमार्क्स बरेचसे कातडीबरोबर जातात, वरचे खाली सरकतात. वजन कमी करण्याची ही शस्त्रक्रिया नव्हे.

आत्ता नको, कारण तुम्ही अंगावर पाजताय. पाजणं पूर्ण थांबल्यावर तीन ते सहा महिने जाऊ द्या. वजन सहा महिने एका आकड्यावर टिकलेलं हवं. आधी शिवलं आणि नंतर सात-आठ किलो उतरले, तर कातडी पुन्हा लोंबेल. पुन्हा दिवस राहिले तर जिवाला सहसा धोका नसतो, पण केलेलं काम सैल पडतं. तेव्हा तिसरं मूल नको हे दोघांचं पक्कं असू दे. दरम्यान तीन-चार महिने बाळंतिणींसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. स्नायूंना बळ येतं, कधी अंतरही कमी होतं. कातडी मात्र कुठल्याच व्यायामाने जात नाही, त्यात तुमचा आळस नाही.

मिश्री, तंबाखू, सिगारेट यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना खरं सांगा आणि ऑपरेशनआधी व नंतर किमान चार-चार आठवडे बंद ठेवा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या कातडीची मधली कड काळी पडून सडू शकते. मिश्री ‘फक्त दातांना’ लावतो म्हणून अनेकजणी सांगतच नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. हिमोग्लोबिनही आधीच तपासून घ्या.

नंतरचे दिवस सोपे नसतात. पहिला आठवडाभर वाकूनच चालायचं, झोपताना पाठीला आणि गुडघ्यांखाली उशा. पोटातून बाहेर काढलेल्या नळ्यांमधलं पाणी दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की नळ्या काढतात. सर्वाधिक दिसणारा त्रास म्हणजे कातडीखाली पाणी साठणं; सुईने काढावं लागतं. बेंबीखालची बधिरता महिनोन्‌महिने राहते, थोडी कायमचीही. व्रण वर्षभर लालसर-काळपट दिसतो. कुठल्याही जुन्या जखमेचा व्रण जाड, उंच झाला असेल तर दहादा विचार करा. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागला, तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. गुठळी फुप्फुसात जाणं हा यातला जिवावरचा धोका.

आणि सहा आठवडे चार-पाच किलोंहून जड काही उचलायचं नाही. तुमचा धाकटाच त्याच्या दुप्पट असेल! तो स्वतः पलंगावर चढू लागेपर्यंत थांबलात तर तुमचेच हाल कमी. ‘गरज नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याशी गरजेवर वाद घालू नका. ते सहा आठवडे मुलांना आंघोळ कोण घालणार, रात्री कोण उठणार, हे विचारा.

सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी झालेला हवा. नाव आणि पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत पडताळा. नुसती ‘कॉस्मेटिक फेलोशिप’ पुरेशी नाही. भूलतज्ज्ञ कोण, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, पाणी साठलं तर काढण्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, हे विचारा. सवलतीला मुदत असते, शस्त्रक्रियेला नाही.

खर्चाचं म्हणाल तर मेडिक्लेममध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. सोनोग्राफीत हर्निया निघालाच, तर त्याच्या दुरुस्तीचा दावा वेगळा करता येतो. पॉलिसीतला हर्नियाचा प्रतीक्षाकाळ संपलाय का, ते आधी बघा.