'बँग पाथ'ला 'पत्ता' म्हणावं का?

प्रश्न : युनिक्स या जुन्या संगणक कार्यप्रणालीवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'बँग पाथ' हा शब्द अडला. 'उद्गारचिन्ही पत्ता' चालेल का?

'उद्गारचिन्ही' चालेल, कारण युनिक्सवाल्यांच्या बोलीत '!' म्हणजेच बँग. 'पत्ता' मात्र नको. पत्ता कुठूनही पत्र टाकलं तरी तोच राहतो. बँग पाथ ही जुन्या ईमेलने कोणकोणत्या यंत्रांतून जायचं ते '!'ने जोडून सांगणारी वाट आहे, आणि वाट निघणाऱ्याच्या गावाप्रमाणे बदलते. (रस्त्यात आपण 'पत्ता विचारतो' तेव्हा खरं तर वाटच विचारत असतो, गोंधळ तिथूनच.)

१९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर यूयूसीपी, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर फायली आणि टपाल पोहोचवणारी प्रणाली, आली. यंत्रं कायमची जोडलेली नसत. ती मोडेमवरून, बहुधा रात्री फोनचे दर उतरल्यावर, एकमेकांना फोन लावून साठलेलं टपाल पुढे सरकवत. कोण कोणाला फोन करतो हे पाठवणाऱ्यानेच माहीत करून घ्यायचं. 'सीस्मो!एमसीव्हॅक्स!पीटर' म्हणजे आधी अमेरिकेतल्या सीस्मोकडे, तिथून ॲमस्टरडॅमच्या एमसीव्हॅक्सकडे, आणि तिथल्या पीटरला. प्रत्येक यंत्र डावीकडचं पहिलं नाव खोडून उरलेलं त्या नावाच्या यंत्राकडे धाडी. मधलं एक बंद पडलं की पत्र तिथेच अडकलं. म्हणून लोक सहीखाली नामांकित नाक्यापासूनचीच वाट देत. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेतल्या 'शक्ती' नावाच्या यंत्रासाठी 'यूयूनेट!शक्ती!' अशी. नाक्यापर्यंत कसं यायचं ते ज्याचं त्याने बघायचं. शिवाय सी-शेलमध्ये (शेल म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) '!'ला वेगळा अर्थ असल्याने टंकताना प्रत्येक '!'आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागे. ती विसरली की शेल जुनी आज्ञा शोधायला जाई आणि पत्र निघतच नसे.

'@' हा मात्र पत्ता. १९७१मध्ये रे टॉमलिन्सननी तो वापरला, तो 'अमुक यंत्रावरचा तमुक' या अर्थाने. दोन्ही पद्धती एकत्र आल्या की घोळ होई. 'अ!ब@क' हे यूयूसीपीवालं यंत्र डावीकडून वाचून 'अ'कडे पाठवी, तर इंटरनेटच्या टपालाचे नियम सांगणारा आरएफसी ८२२ हा दस्तऐवज (१९८२) पाळणारं यंत्र 'क'कडे. '@' आधी बघायचा, हा निवाडा १९८६च्या आरएफसी ९७६ने केला. 'रमा%ब@क' ही तिसरी तऱ्हा, तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे : 'मार्फत'. 'क'ने पत्र घ्यायचं, '%'चा '@' करायचा आणि 'ब'कडे पाठवायचं.

डोमेन नावं आपल्या 'मु. पो., तालुका, जिल्हा'सारखी लहानाकडून मोठ्याकडे जातात. जॅनेट या ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या जाळ्यावर तेव्हा उलट असे, देश आधी. त्यामुळे शेवटी 'सीएस' (संगणकशास्त्र विभाग) असलेला जॅनेटचा पत्ता बाहेरच्या यंत्राला चेकोस्लोव्हाकियाचा वाटू शके, कारण त्या देशाचा कोडही तेव्हा तोच होता.

तेव्हा पहिल्यांदा 'बँग पाथ' तसाच ठेवा, पुढे 'उद्गारचिन्ही वाट' लिहा. 'हॉप'साठी (एका यंत्रापासून पुढच्या यंत्रापर्यंतचा टप्पा) 'उडी' वाचली आहे, पण प्रत्येक ठिकाणी टपाल मुक्काम करतं, तेव्हा 'मजल' बरा. 'मजल दरमजल' आपल्याकडे आधीपासून आहेच.