मूळ मालिका न पाहता जुने 'मॅड' वाचावेत का?

तुमचा प्रश्न असा, की 'मॅड' या अमेरिकन विडंबन मासिकाचे जुने अंक हाती लागलेत, पण त्यात खिल्ली उडवलेल्या अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिका पाहिलेल्या नाहीत, तर वाचून काही कळेल का. बिनधास्त वाचा. आपल्याकडे कित्येकांनी हे अंक रद्दीतून किंवा फूटपाथवरून घेऊन असेच वाचले. फक्त सुरुवात सत्तरच्या दशकातल्या अंकांपासून करू नका.

आधी 'ड्रॅग्ड नेट' शोधा. हार्वी कर्ट्झमनचं लेखन, विल एल्डरची चित्रं. 'ड्रॅगनेट' या पोलिसी मालिकेचं हे विडंबन दोनदा आलं: 1953 च्या सुरुवातीला तिसऱ्या अंकात, तेव्हा रोख रेडिओवरच्या कार्यक्रमावर होता, आणि 1954 मध्ये अकराव्या अंकात, टीव्हीवरच्या मालिकेवर. 'मॅड' तेव्हा दहा सेंटचं रंगीत कॉमिक होतं. मासिकाचं रूप आलं 1955 मध्ये, चोविसाव्या अंकापासून. मूळ मालिकेत जॅक वेबचा सार्जंट जो फ्रायडे एकसुरी आवाजात तुटक वाक्यं बोलतो, आणि मोक्याच्या जागी ती चार सुरांची धून वाजते. इतका गंभीर चेहरा समोर आला की विडंबनकाराचं निम्मं काम झालंच. एल्डर मागच्या भिंती, पाट्या, रस्त्यातली माणसं अशा फालतू विनोदांनी भरून टाकतो, की एका चौकटीवर पाच मिनिटं जातात. या ऐवजाला तो स्वतः 'चिकन फॅट' म्हणायचा. हे हसू यायला मालिका पाहिलेली असायची गरज नाही.

सत्तरच्या दशकातल्या 'कोलंबो' या डिटेक्टिव्ह मालिकेचं गणित वेगळं. तिथे खुनी कोण ते पहिल्याच प्रसंगात दाखवतात, आणि चुरगळलेल्या रेनकोटातला पीटर फॉकचा कोलंबो दारातून मागे वळून 'आणखी एकच' म्हणत त्या श्रीमंत खुन्याला पिळत राहतो. म्हणजे विनोद मुळातच आहे. 'मॅड'च्या विडंबनात, 'क्लोडम्बो'त, तो नुसता फुगवला आहे, चावा नाही. (तेव्हाच्या टीव्ही विडंबनांवर बहुतेक वेळा अँजेलो टोरेसचा हात असायचा, सिनेमांवर मॉर्ट ड्रकरचा. चेहरे हुबेहूब, पण साचा ठरलेला: सुरुवातीच्या मोठ्या चित्रात एकेक पात्र स्वतःची ओळख करून देणार, मग शेरेबाजी.)

'मॅड'च्या धर्तीवरचं 'क्रॅक्ड' मासिक मिळालं तर जॉन सेव्हरिनच्या चित्रांसाठी घ्या, मजकुराकडून फार अपेक्षा नको.

एक गंमत सांगतो. जो फ्रायडेच्या तोंडचं म्हणून जगभर प्रसिद्ध असलेलं 'जस्ट द फॅक्ट्स, मॅम' हे वाक्य मूळ मालिकेत त्या शब्दांत नाहीच. ते लोकांच्या तोंडी बसलं त्यात मोठा वाटा विनोदी कलाकार स्टॅन फ्रीबर्गच्या 1953 च्या विडंबन तबकडीचा.

पन्नासच्या दशकातल्या 'ड्रॅगनेट'चे बरेच भाग इंटरनेटवर फुकट आहेत, अर्ध्या तासाचे. एक पाहून मग 'ड्रॅग्ड नेट' उघडा. आणि पुनर्मुद्रण घेणार असाल तर जुन्या पेपरबॅक आवृत्त्या टाळा. त्यांत चौकटी कापून, लहान करून बसवल्या आहेत. एल्डरच्या पाट्या वाचायला भिंग लागतं.