आधी बाटला (गॅसचा सिलेंडर) बघा, मग मशीन (घरी आर्गॉन वेल्डिंग करायचंय त्यांच्यासाठी)

तुमचा प्रश्न असा: घरी आर्गॉन वेल्डिंग (टिग, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्क लावायचा आणि भोवती आर्गॉन वायूचं आवरण धरायचं) करून ग्रिल, बुलेटचा सायलेन्सर पाइप आणि मुलाची अल्युमिनियमची सायकल जोडायची आहे, बजेट ३५,०००, तर २०० अँपिअरचं डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) मशीन घ्यावं की एसी-डीसी (उलटसुलट प्रवाहही देणारं)? त्याचं उत्तर खाली देतोच. पण आधी तुमचं शेवटचं वाक्य: "सिलेंडर ओळखीतून सेकंडहँड मिळतोय, भरलेला आहे, ६,५०० म्हणतोय, म्हणजे तेवढं एक काम मिटलं." हे वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. ते काम मिटलेलं नाही. माझ्या अनुभवाने सगळं तिथूनच सुरू होतं.

मी वेल्डर नाही. नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउसच्या पार्किंगमध्ये सुट्टीची ठोकाठोकी करतो. त्यामुळे मी सांगतोय ते कारखान्याच्या कामाला लावू नका. पै-पैचा हिशेब लिहून ठेवायची सवय नोकरीने लावली आहे, म्हणून आकडे तेवढे पक्के आहेत.

२०१८ च्या दिवाळीत बोनसवर २०० अँपिअरचं डीसी मशीन घेतलं, २३,५०० ला. तुम्ही पसंत केलंय जवळजवळ तसंच. गॅस एजन्सीकडून बाटला घ्यायचा तर डिपॉझिट अडकतं, वर भाडं चालू राहतं, असा हिशेबी विचार करून (हसू नका) एका भंगारवाल्याकडून निळा रंगवलेला "फुल्ल" बाटला ६,००० ला उचलला. रंग नवाकोरा होता. मला तेव्हा त्याचंच कौतुक वाटलं.

पहिल्या दिवसापासून रडगाणं. आर्क लागला की टंगस्टनचं टोक मेणबत्तीसारखं गळायचं, त्यावर पिवळट-निळसर पूड धरायची, आणि स्टेनलेसवरचा टाका (वेल्डिंगचा सांधा) काळा, फेसाळलेला, मुंग्यांच्या वारुळासारखा. टॉर्च (टंगस्टन धरणारी दांडी) मशीनच्या निगेटिव्हला आहे ना, पाहिलं. गॅस मिनिटाला ८ लिटरवरून १२, मग १५ केला. टॉर्चच्या टोकाचा कप बदलला, पत्रा अॅसिटोनने पुसला, पंखा बंद केला. वारूळ ते वारूळच.

मग मशीन सर्व्हिस सेंटरला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पाच आठवडे मशीन त्यांच्याकडे पडून होतं. फोन केला की "पार्ट मुंबईहून यायचाय". शेवटी निदान असं की एचएफ बोर्ड (टंगस्टन न टेकवता आर्क लावणारं) वीक झालंय, आणि ते तुमच्या घरच्या व्होल्टेजमुळे, म्हणून वॉरंटीत बसत नाही. ५,२०० द्या. दिले. त्यांनी काउंटरवर आर्क लावून दाखवला, टाका एकदम चांदीसारखा. मी खूश होऊन घरी आलो, आणि परत वारूळ.

त्यांच्या काउंटरवर चालतं आणि माझ्याकडे चालत नाही, मग दोन ठिकाणी वेगळं काय आहे? तिथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. त्यांचीही. पण तुम्ही गॅस कुठला वापरता, हे त्या पाच आठवड्यांत मला एकानेही विचारलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तर "वायरिंग चेक करा" म्हणून वाटेला लावलं. एक माणूस परत तीच तक्रार घेऊन येतोय, तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारायला काय जातं? असो. आजही त्या रस्त्याने गेलो की बीपी वाढतं.

सोडवणूक झाली ती एका मिस्त्रींमुळे. आमच्या कंपनीत पाइपलाइनच्या कामाला यायचे. निम्मं आयुष्य दिंडोरीकडच्या वायनऱ्यांच्या स्टेनलेस टाक्या जोडण्यात गेलेलं. ते एका रविवारी घरी आले. मशीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ बाटल्यापाशी गेले, खिशातली किल्ली काढली आणि खांद्याजवळ खरवडलं. निळ्याखाली काळा रंग निघाला.

"साहेब, आर्गॉनचा बाटला निळा, ऑक्सिजनचा काळा. हा आर्गॉनचा जन्मलाच नाही. मशीनला कशाला मारता?"

पुढच्या रविवारी टेम्पोत घालून स्वतःचा बाटला घेऊन आले. तेच मशीन, तेच टंगस्टन, फक्त घासून टोक केलेलं. टाका सोनेरी आला. माझ्या बाटल्यात शुद्ध आर्गॉन नव्हता, एवढं सिद्ध झालं. मशीन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. ते बोर्ड बदललं होतं की नुसतं पुसून दिलं होतं, देव जाणे.

वहीतला हिशेब: बाटला ६,०००, सर्व्हिस ५,२००, वाया गेलेले टंगस्टन, कप आणि रॉड मिळून २,९००. एकूण १४,१००. म्हणजे मशीनच्या किमतीच्या बरोबर ६० टक्के. चार महिने गेले ते वेगळेच.

बरं, तो बाटला रिकामा करून नीट आर्गॉन भरून घेऊ म्हटलं, तर तेही जमेना. एजन्सीवाल्याने खांद्यावरचा ठोकलेला शिक्का पाहिला आणि हात जोडले. अशा बाटल्यांची दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, तिची तारीख खांद्यावर कोरलेली असते, आणि माझी कधीच उलटून गेली होती. शिवाय मालकीचा कागद नाही. शिवाय एका गॅसचा बाटला परवानगीशिवाय दुसऱ्या गॅसला वापरता येत नाही. ही त्या एजन्सीची अडवणूक नव्हती. २०१६ चे गॅस सिलेंडर नियम आहेत, आणि ते बघणारी 'पेसो' ही केंद्राची संस्था नागपूरला आहे. शेवटी एका चाचणी केंद्राने तो बाद ठरवून कापून टाकला.

म्हणून माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या: मशीन बघायच्या आधी एक सकाळ काढा आणि अंबड-सातपूरच्या दोन-तीन गॅस एजन्सींकडे जाऊन या. जीएसटी नंबर नसलेल्या माणसाला बाटला देता का, हे पहिलं विचारा; काहीजण नाही म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका. डिपॉझिट परत मिळतं का, भाडं दिवसावर की महिन्यावर, घरपोच देता का, हेही विचारा. दुचाकीवरून बाटला नेणं नियमाने बंद आहे, आणि मोकळ्या पायरीवर आडवा ठेवून स्कूटरवर नेणारे मी नाशकात पाहिलेत म्हणून सांगतोय. आणि मागताना "शुद्ध आर्गॉन, टिगसाठी" असं स्पष्ट बोला. नुसतं "वेल्डिंगचा गॅस" म्हटलंत तर मिगसाठीचं (तारेच्या वेल्डिंगचं) आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण गळ्यात पडतं, आणि त्यावरही टंगस्टनचं तेच वारूळ होतं.

मोठा बाटला ७ घनमीटरचा, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ८ लिटर धरले तर साडेचौदा तास गॅस चालू राहतो. हौशी माणसाला ते चार-सहा महिने सहज पुरतं. १० लिटर पाणी मावेल एवढा छोटा बाटला दिसायला गोंडस, पण तीन तासांत खलास. भरायचे पैसे मात्र त्या मानाने कमी होत नाहीत. मोठाच घ्या आणि भिंतीला साखळीने बांधा.

आता मशीन.

डीसीवर अल्युमिनियम होत नाही. दुकानदार "होतं ना साहेब" म्हणाला तर त्याला समोर करून दाखवायला सांगा. अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्याही वर. एसीत प्रवाह उलटा फिरतो तेव्हा तो पापुद्रा फुटतो, डीसीत तसाच राहतो आणि आतला धातू पिशवीत पाणी धरल्यासारखा लोंबतो. हीलियम लावून डीसीवर करणारे असतात, पण ते आपलं काम नव्हे. तुमच्या ३५,००० त एसी-डीसी बसवायच्या मागे लागलात तर एसी मिळेल, पण बाकी सगळं हलकं मिळेल. आणि मुलाची अल्युमिनियमची सायकल जोडायची म्हणताय, ती तर एसी मशीन असलं तरी जोडू नका. फ्रेमच्या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, टाक्याच्या आजूबाजूला ती जाते. मूल बसणार आहे त्यावर. ग्रिल आणि बुलेटचा सायलेन्सर पाइप एवढ्याला डीसी भरपूर झालं. दोन वर्षांनी हात बसला आणि तरीही अल्युमिनियमची हौस राहिली तर हे विकून एसी घ्या.

२०० चा आकडा बघून भुलू नका. साधारण एका मिलिमीटरला ४० अँपिअर असा आडाखा आहे, स्टेनलेसला थोडे कमीच. तुमचा दीड मिलिमीटरचा पाइप ६० च्या आतबाहेर होतो. त्यामुळे वरच्या टोकापेक्षा खालचं टोक तपासा: मशीनवर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि आर्क मात्र ३० ला दणका देऊन लागतो, पातळ पत्र्याला थेट भोक. दुकानात जाताना आपला १ मिलिमीटरचा स्टेनलेस तुकडा न्या आणि त्यावर आर्क लावून बघा. लावू देत नसेल तर दुसरं दुकान. ड्यूटी सायकल १० मिनिटांच्या हिशेबाने असते, म्हणजे ६० टक्के असेल तर सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम. आपण हौशी लोक तसेही टाका झाला की पाच मिनिटं त्याचे फोटो काढत बसतो.

एचएफ स्टार्ट असावा, पोस्ट-फ्लो सेकंदांत कमीजास्त करता यावा (टाका संपल्यावर गॅस चालू राहिला नाही तर टंगस्टन आणि टाक्याचं शेपूट दोन्ही काळं पडतं), आणि पायाच्या पेडलसाठी सॉकेट असावं, पेडल नंतर घ्या. पल्स (प्रवाह ठोक्याठोक्याने कमीजास्त होणं) नसला तरी अडत नाही. थ्री-इन-वन (टिग, मिग आणि साधं रॉडचं वेल्डिंग एकात) मशीनच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं टिग बहुतेक वेळा नुसतं लिफ्ट स्टार्टचं (टंगस्टन टेकवून उचलायचं), नावापुरतं असतं. घरात कोणाला पेसमेकर असेल तर एचएफ घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. हे गमतीत सांगत नाहीये.

टॉर्च १७ नंबरचा की २६ चा, यावर डोकं घालवू नका. दोघांचे कप, कॉलेट (टंगस्टन पकडणारी चिमटी) सारखेच लागतात. टंगस्टन १.६ आणि २.४ मिलिमीटर, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथेनमवालं घ्या. लाल टोकाचं दुकानदार हमखास देतो, त्यात थोरियम असतं आणि ते घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी. ३०४ स्टेनलेसला ईआर ३०८एल रॉड. सायलेन्सर पाइप जोडताना आतूनही आर्गॉन सोडा, नाहीतर आतली बाजू साखर जळल्यासारखी होते. मिस्त्री याला इतके जपायचे की बाहेरच्या टाक्यापेक्षा आतला आधी बघायचे.

सिंगल फेजवर चालतं. १०० ते १२० अँपिअरपर्यंत १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट पुरतं, पण मशीन पूर्ण २०० ला नेलंत तर मीटरकडून साधारण २५ ते ३० अँपिअर ओढेल. त्यासाठी बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, माझ्या शब्दावर नको. सर्व्हिस सेंटरच्या सांगण्यावरून मी हे करून घेतलं होतं, ३,४०० गेले. वर १४,१०० त ते धरले नाहीत, कारण त्या सगळ्या प्रकरणातली तेवढी एकच गोष्ट उपयोगी पडली.

हेल्मेट स्वस्तातलं घेऊ नका. आपोआप काळं होणाऱ्यातलं दोन सेन्सरचं टिगच्या कमी करंटला मध्येच उघडतं आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. चार सेन्सरचं बघा. ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग कधीच करू नका, क्लोरीनवाल्या क्लीनरपासून उष्णतेने विषारी वायू होतो. पार्किंगचं शटर पूर्ण पाडून बसू नका, आर्गॉन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. वारा लागू नये म्हणून आडोसा करा, कोंडून घेऊ नका. गंगापूर धरणाकडून सुटणारा संध्याकाळचा वारा आमच्याकडे थेट आत येतो, मी जुन्या पडद्यावर भागवतो, पण तो सुती आहे. नायलॉनचा लावलात तर ठिणगीने पेटेल.

ब्रँड विचारलात तर सांगणार नाही. माझं मशीन इतक्या वर्षांनीही चालतंय, पण त्याच कंपनीचं सर्व्हिस सेंटर तेच आहे, त्यामुळे शिफारस करायला जीभ वळत नाही.

आता एक करा. त्या ओळखीच्या माणसाला अजून पैसे देऊ नका. बाटल्याच्या खांद्यावर काय काय कोरलंय त्याचा जवळून फोटो काढा, आणि परवानगी घेऊन एका कोपऱ्यात किल्लीने रंग थोडा खरवडा. दोन्ही फोटो इथे टाका. मी रोज रात्री नऊनंतर असतो.